कडीअक्काची दोरी

“कडी लाव, कासीम! आधी कडी लाव, मास्तर पळायलाय!”

चुलीपुढून अक्का ओरडत होती आणि मास्तर, म्हणजे मी, खरोखरच पळत होतो. एक पाय उंबऱ्याच्या बाहेर पडला होता, एक चप्पल पायात होती, दुसरी हातात. पण कासीमचाचा कल्हईवाल्यांनी माझ्या सदऱ्याचा शेव धरला तो धरलाच. सदरा फाटला, मी आत आलो, कडी लागली. मला भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं आणि माझ्या पाठीमागे कासीमचाचांनी माझं पद गायला सुरुवात केली. पदाचं नाव ‘नवराष्ट्रोदयस्तवन’. कडवी सत्तावीस.

कासीमचाचा माणूस सोन्यासारखा. पण जन्मभर भांड्यांना कल्हई लावून नवसागराचा धूर त्यांच्या गळ्यात कायमचा मुक्कामाला आलेला. त्यांचं गाणं ऐकून हळ्ळीखेडची एक म्हैस आटली, असं लोक सांगतात. लोक फार वाढवून सांगतात. म्हैस दोनच दिवस आटली होती. अशा गळ्यातून माझं ‘हे स्वातंत्र्यप्रभे, हे तिमिरविनाशिनी’ बाहेर पडलं ते ‘हे सवातंतर परभा, हे तिमीर की नासनी’ होऊन. तिसऱ्या कडव्याला ते थांबले, घाम पुसला आणि मंडळींना म्हणाले, “आगे मास्टर और भोत कुछ लिखे हैं. सब अच्छाच होंगा.” आणि खाली बसले.

“साकु,” अक्का म्हणाली. साकु म्हणजे पुरे. गाणं बरं झालं की अक्का मराठीत बोलायची. वाईट झालं की कानडीत, एका शब्दात. माझ्या वाट्याला आठ वर्षांत जेवढं कानडी आलं, ते एवढंच.

पोलीस ॲक्शन झाली, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली आणि मराठी वाचता येणारा जो पहिला माणूस रस्त्यात सापडला त्याला मास्तर करण्यात आलं. तो मी. बीदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडला मी रुजू झालो तेव्हा वय वीस, वजन सामान्य, प्रतिभा अफाट. निदान माझी तशी समजूत होती. गावात पदं करणाऱ्यांची बैठक भरते असं ऐकलं तेव्हा मला त्या बिचाऱ्यांची दयाच आली. म्हटलं, चला, यांना जरा दिशा दाखवू.

बैठक भरायची अमावास्येला, दुपारी. आमच्याकडे अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून बैलांबरोबर माणसंही मोकळी. कुणी शेतकरी, कुणी सुतार, एक सोनार, एक कोष्टी, आणि कासीमचाचा. सगळे आपापली पदं करून आणायचे. मराठीत, कानडीत, दखनीत, ज्याला जे सुचेल त्यात. अक्काचं घर त्यासाठी उघडं असायचं. उघडं म्हणजे आत येण्यापुरतं. माणसं जमली की कडी लागायची ती सगळ्यांची पदं होऊन जेवणं झाल्यावरच निघायची. म्हणून तिला अख्खा गाव कडीअक्का म्हणायचा. खरं नाव विचारलं तर तिलाही दोन क्षण आठवावं लागे.

गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंगानं एवढीशी, की तुरीच्या पोत्याशेजारी उभी राहिली तर पोतं कुठलं आणि अक्का कुठली हे आवाजावरूनच कळावं. आवाज मात्र तीन गल्ल्यांना पुरून उरणारा. नवरा तुरीचा व्यापार करायचा. तो गेल्यापासून सोप्यातली पोती गेली आणि त्या जागी आम्ही आलो. “पोती बरी व्हती,” अक्का म्हणायची, “मधीच उठून जात नव्हती.”

तिच्या बैठकीचा एक नियम होता आणि त्यानं माझ्यासारख्या अनेक महाकवींचा बळी घेतला. ज्यानं पद केलं त्यानं ते म्हणायचं नाही. अक्का पीठ मळायला घेई आणि कुणाकडे तरी बोट दाखवी. त्याला मागच्या अंगणात नेऊन आपण पद शिकवायचं, तोंडी, कागद न दाखवता. पीठ मळून झालं की शिकवणी बंद. मग तो आत येऊन म्हणणार, आणि आपण भिंतीकडे तोंड करून ऐकणार. जेवढं त्याच्या डोक्यात राहिलं तेवढं आपलं पद.

मी पहिल्याच बैठकीत या नियमाला हरकत घेतली. म्हटलं, “अक्का, कवीचं पद कवीनंच म्हणावं. भाव त्यालाच ठाऊक असतो.”

अक्कानं भाकरी उलथली. “आमच्या मालकांचं बी तसंच म्हणणं व्हतं,” ती म्हणाली. “लई पदं केली त्यांनी. दुसऱ्याला तोंड लावू दिलं न्हाई. आता त्यांचं एक बी पद गावात कुणाला येत न्हाई. मला बी न्हाई. भाकरी करत ऐकायची मी, निम्मं ध्यान चुलीत.” मग माझ्या ताटात भाकरी टाकून, “तू जेव. चटणी घे.”

त्यानंतर मी त्या नियमाबद्दल बोललो नाही. बाकी सगळ्याबद्दल बोललो.

सोप्यातल्या मधल्या खांबाला अंबाडीची एक दोरी टांगलेली होती. एखादं पद बाहेर गेलं, म्हणजे बैठकीत न बसलेल्या कुणाच्या तोंडी आपसूक ऐकू आलं, की अक्का त्या दोरीला एक गाठ मारी. पाणी भरणाऱ्या बाईनं गुणगुणलं, गाठ. गुराख्यानं गुरं वळताना म्हटलं, गाठ. सुताराच्या तीन गाठी होत्या, कोष्ट्याच्या दोन. कासीमचाचांचं एक पद तर असं सुटलं की दर्ग्यावरच्या कव्वालाला ते त्यांनाच शिकवायचा मोह झाला. माझी एकही नव्हती. सुरुवातीची वर्षं मी बैठकीला आलो की आधी दोरी बघायचो, चोरून, जसं परीक्षेचा निकाल बघावा तसं. एक गाठ मिळावी म्हणून मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटायला हवी, पण सांगतो.

मी ‘नवराष्ट्रोदयस्तवन’ तिसरीच्या वर्गाला पाठ करायला लावलं. छडी टेबलावर ठेवली आणि रोज सकाळी प्रार्थनेनंतर ते म्हणवून घेतलं. पंधरा दिवसांत वर्ग तयार झाला. पुढच्या अमावास्येला ऐन बैठकीच्या वेळी सगळी पलटण अक्काच्या दारावरून पद म्हणत न्यायची, असा बेत. पलटण आली. पण पोरांना पाठांतराची एकच चाल माहीत, पावकी-निमकीची. ‘हे स्वातंत्र्यप्रभे’ त्यांनी ‘बे एके बे’सारखं हाणलं, आणि कडव्याच्या शेवटी सवयीनं सगळ्यांनी ‘दाहे वीस’च्या हेलात सूर टाकला.

मी खांबाकडे बघत बसलो. अक्का दारापर्यंत गेली, कडी न काढता फटीतून ऐकलं, परत आली.

“मास्तर, हे काय हाय?”

“माझं पद, अक्का. बाहेर गेलं.”

“बाहीर न्हाई गेलं, हाकललंय तू. उद्या छडी घरी ठिव. मग कोण म्हणतंय ते येऊन सांग.”

मी दुसऱ्या दिवशी छडी घरी ठेवली. वर्गात अशी शांतता झाली की शाळा सुटली समजून शिपायानं घंटा दिली.

त्यानंतर मी दोरीकडे बघायचं सोडून दिलं. एका अमावास्येला तर पदच नेलं नाही, म्हटलं, बघू काय करते. ज्यानं पद आणलं नाही त्यानं जात्यावर बसायचं, हे मला माहीत नव्हतं. बाकीची मंडळी अजून यायची होती. सोप्यात कासीमचाचा अक्काच्या पातेल्यांना कल्हई करत होते आणि मी, सरकारी शाळेचा मास्तर, खुंटा धरून तूर भरडत होतो. दहा फेऱ्यांत हाताला फोड आला. घरभर शेंगापोळीचा वास सुटलेला, पोट आत ओढलेलं, दाराला कडी. माझ्या तोंडून रागारागानं काहीबाही निघायला लागलं, जात्याच्या फेऱ्यावर, आमच्या घरच्या बोलीत:

काढ गं अक्का दाराची कडी
भुकेनं वळली आतड्याची घडी
मास्तर आला तोऱ्यात मोठा
जात्यानं सोलला त्याचा आंगठा

अशा आणखी दोन-चार ओळी मी बडबडलो असेन. मागे बघतो तर अक्का भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन दारात उभी. मला ब्रह्मांड आठवलं. जिला अहो-जाहो करायचो, तिला मी ‘गं’ म्हटलं होतं, तेही सुरात.

“अक्का, चुकलं. हे कुणाला सांगू नका.”

“मी कशाला सांगू,” अक्का म्हणाली. “जातं थांबवू नगस.”

कासीमचाचांनी पातेल्यात चिंधी फिरवली. तोंड उघडायला त्यांना नंतर अख्खा तालुका पडला होता.

पुढे राज्याची वाटणी होणार असं कानावर यायला लागलं. लातूर-उदगीर तिकडे, बीदर इकडे, कोण कुठल्या भाषेत राहणार, रोज नवी बातमी. त्या धांदलीत माझी बदली निघाली मंठाळला. जायच्या आधीच्या अमावास्येला मी शेवटचा बैठकीला गेलो. सगळे जमले, पदं झाली, आणि मला एकदम जाणवलं की दार नुसतं लोटलेलं आहे.

“अक्का, आज कडी न्हाई?”

“जाणाऱ्याला कसली कडी,” ती म्हणाली आणि शेंगापोळी वाढायला लागली.

जेवण झाल्यावर मी सगळी लाज गुंडाळून ठेवली. आठ वर्षं, अक्का. शेकडो कडवी. जाता जाता आठवण म्हणून एक गाठ मारा की त्या दोरीला. धर्माची समजा.

अक्कानं माझ्याकडे नीट बघितलं. “गाठ पायजे व्हय? वाक हिकडं, शेंडीला मारते.”

सगळे हसले. मीही हसलो, आणि रस्ताभर डोळे पुसत मंठाळला गेलो. धुळीनं. रस्ता फार धुळीचा आहे तो.

मंठाळला तिसरा-चौथा आठवडा असेल. सकाळी शाळेत जाताना वाटेवरच्या रानात बाया खुरपत होत्या, आणि म्हणत होत्या:

काढ गं आत्या दाराची कडी
भुकेनं वळली आतड्याची घडी
जावई आला तोऱ्यात मोठा
जात्यानं सोलला त्याचा आंगठा

मी चप्पल बांधावर सोडून उभ्या पिकात धावलो. “थांबा, हे माझंय. हे पद मी केलंय.”

बायांनी खुरपी थांबवली. त्यांच्यातल्या थोरलीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमी कामून कराल? हे आमच्या आजीच्या येळंचं हाय.”

“अहो, दोन वर्षांमागं केलंय. आणि त्यात आत्या न्हाई, अक्का हाय. जावई न्हाई, मास्तर हाय.”

“मास्तर कशाला दळंल?” ती म्हणाली. मग शेजारणीला, हळू, पण मला ऐकू येईल असं, “डोस्क्याला उन्ह लागलंय. बाहीरगावचं हाय बिचारं.”

माझं पद माझ्याचकडून खोटं ठरवून हिसकावून घेतलं गेलं, आणि मी इतका आनंदी आयुष्यात कधी झालो नव्हतो. त्या दिवशी अमावास्या होती, पण शाळेला तिची सुट्टी नव्हती. मला ताप आला असं मी कळवलं आणि बस धरून हळ्ळीखेड गाठलं. वाटभर एकच घोकत होतो: अक्का, मंठाळपर्यंत गेलं. आता मारा गाठ.

अक्काच्या दाराला कडी होती. बाहेरून. वर कुलूप.

शेजारच्या ओट्यावर कासीमचाचा बसले होते. त्यांनी मला बसायला जागा केली. अक्काला जाऊन दहा दिवस झाले होते. तापाचं निमित्त झालं, तिसऱ्या दिवशी गेली. लेक येऊन सामान घेऊन गेली. कासीमचाचांनी एकच वस्तू मागून घेतली होती. त्यांनी कल्हईच्या पिशवीत हात घातला आणि अंबाडीची दोरी माझ्या मांडीवर ठेवली.

मी रानातल्या बायांचं आणि आजीच्या वेळेचं सगळं सांगितलं. कासीमचाचांना आश्चर्य वाटलं नाही. “मैं तो हर गाँव में गाता वो,” ते म्हणाले. “पतेला घिसने कू अच्छी है.” मग दोरीच्या शेवटच्या गाठीवर बोट ठेवलं. “ये तुमारी.”

“कधी मारली?”

“तुम मंठाळ गये, उसके साल भर पैले. पानी भरने वाली गाती आई थी.”

साल भर. म्हणजे मी धर्माची गाठ मागत होतो तेव्हा माझ्या डोक्यावर ती टांगलेली होती, आणि अक्का माझी शेंडी बघत होती.

“मग मला का नाही सांगितलं तिनं?”

कासीमचाचांनी पिशवीची नाडी ओढली.

“मैं बी पूछा था. बोली, उसकू नक्को बताव, फिर लिखने बैठता.”