जुबाऱ्याची न्हाणी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. चिपळूणला आमच्या घरात तावीज नव्हता, पत्रकं होती. अब्बा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि मी अक्षरं शिकलो ती ‘बंधूंनो, जागे व्हा’ या मथळ्यावर. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटते आहे... पण जे घडलं ते दडवणं हेही खोटं बोलणंच.

साठ-एकसष्टचा हिवाळा. मी कतारमध्ये एका बांधकाम कंपनीत नकाशे काढत होतो. दोह्याच्या वायव्येला, समुद्राला लागून जुबारा नावाचं उजाड गाव आहे. तुर्की सुलतानांच्या काळातलं, मोत्यांच्या व्यापाराचं. किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धनुष्यासारखा वळलेला तट, त्यात ठरावीक अंतरावर गोल बुरूज, आत चौकाची घरं — समुद्रातल्याच दगडांची, वरून पांढरा गिलावा. गोडं पाणी गावात नाही. विहिरी अर्ध्या कोसावर, म्हणून त्या राखायला वेगळी गढी. तट बांधणाऱ्या शेठांची नावं सगळ्यांना पाठ, पण दगड वाहणाऱ्यांचं एकही नाव कुणाला ठाऊक नाही... हे मी रोज जेवताना सगळ्यांना ऐकवायचो.

आता तिथे नुसते वाळूचे उंचवटे. कंपनीला रस्त्याच्या भरावासाठी त्यातले दगड हवे होते, आणि कुठे किती दगड आहे याचा नकाशा माझ्याकडे होता. सोबत हसनमामू, आईचे चुलतभाऊ, हर्णैचे पट्टीचे गवंडी, आणि त्यांच्या हाताखालची चार माणसं.

उकरताना तीन घरांत एक चमत्कारिक खोली लागली. जमिनीवर गिलाव्याचे वरंबे, त्यांच्यामधून पन्हळी, सगळ्या एका कोपऱ्याकडे उतरत्या, आणि कोपऱ्यात जमिनीत पुरलेला रांजण. मामूंनी उकिडवं बसून उतार पाहिला आणि निकाल दिला — न्हाणी. कोकणातला गवंडी, त्याला उतार दिसला की पाणीच दिसणार. मीही तिथलाच. नकाशावर तीन ठिकाणी बाथरूम असं लिहून मोकळा झालो.

त्यातली एक न्हाणी बुरुजाजवळ होती. तिथे वारा लागत नसे, म्हणून मी सकाळी तिथेच बसून काम करायचो. आणि बसलो की काकवीचा वास यायचा. अगदी गुऱ्हाळात यावा तसा. आमच्या भटारखान्यात कुणी गूळ लपवून खातोय म्हणून मी एकदा भांडलोसुद्धा. मामूंना काही वास येत नव्हता. घरची आठवण झालीय तुला, रजा टाक, म्हणाले.

दगड न्यायला ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी जवळच्या किल्ल्यातला पहारेकरी बू राशिद आमच्याकडे आला. तरुणपणी मोत्यांच्या दलालाबरोबर मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी आमच्याइतकीच झकास. त्याची आई या गावात जन्मली होती. आता ती अल खोर गावी राहायची, नजर गेलेली. तिच्या घराला कुणी हात लावणार नाही, असा शब्द त्याने तिला दिला होता. तो आमच्या कंपनीच्या साहेबाला जाऊन भेटला, तर साहेब म्हणाला, एक घर सोडतो, पण उद्या दुपारपर्यंत दाखव कुठलं ते. आता आली पंचाईत! बू राशिदने ते घर उभं कधी पाहिलंच नव्हतं. आईने सांगितलेली खूण एकच — खजुराची खोली.

मी पेटलो. माणसांच्या घरांवरून रस्ते नेणाऱ्यांना काय अधिकार, वगैरे सुरू केलं आणि अर्ज लिहायला कागद ओढला. मामू शांतपणे म्हणाले, “लीडर, तुझा अर्ज होईस्तवर रस्ता होऊन जाईल. आधी घर शोध.”

नकाशा पसरला. खजुराची खोली कुठेच नाही. चौक, दुकानं, तीन बाथरूम... तिन्ही खोल्या कशा आहेत ते मी वाचून दाखवलं, तर बू राशिद पोट धरून हसायला लागला.

“बाथरूम? अरे भाई, यहाँ पीने का पानी ऊँट पे आता था. नहाएगा कौन?”

मग त्याने समजावलं. त्या वरंब्यांवर खजुराची पोती रचायची. वरच्यांच्या वजनाने खालची दाबली जातात, पाक पन्हळीतून रांजणात उतरतो. मामूंनी पेन्सिल घेऊन तिन्ही बाथरूमं स्वतःच खोडली. हयातभराचा गवंडी, आणि न्हाणी चुकली!

पण खोल्या तीन. त्यातली कुठली? मग मी कुणाच्या डोळ्यांत न बघता बुरुजाजवळच्या खोलीतल्या वासाचं सांगितलं. बू राशिद हसायचा थांबला. ‘यल्ला’, म्हणजे चला, म्हणाला आणि जीप घेऊन अल खोरला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईला हाताला धरून बुरुजाजवळच्या त्या खोलीत आणलं. ट्रकबरोबर साहेबही आला होता. म्हातारी खाली बसली, भिंत चाचपली आणि दाराच्या डाव्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर उकरा म्हणाली. लहानपणी तिने तिथे खिळ्याने गलबत कोरलं होतं. डोलकाठी काढायची राहिली, कारण तेवढ्यात बापाने पकडलं. बू राशिद आम्हाला हिंदीत सांगत होता. मामूंनी थापीने वाळू काढली. गिलाव्यात गलबत होतं. डोलकाठी नव्हती.

साहेबाने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि नकाशावर त्या घराभोवती स्वतः गोल काढला. बाकीच्या घरांसाठी माझे अर्ज पुढेही चालूच राहिले, तो भाग वेगळा.

इथवर सगळं ठीक. वासाचंसुद्धा मी योगायोग म्हणून पचवलं असतं. पण म्हातारी सरकत कोपऱ्यात गेली आणि वाळूने भरलेल्या रांजणात तिने कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आलेलं बोट तपकिरी होतं, चिकट, उन्हात चमकणारं. तिने ते चाटलं आणि लेकाला काहीतरी म्हणाली.

“बोलती है, इस साल का खजूर अच्छा है,” बू राशिद म्हणाला.

आसपास मैलोन्मैल खजुराचं झाड नाही. आमच्या सामानात खजूर नव्हता. बाकीचे दोन रांजण आम्ही तळापर्यंत उपसले, तर नुसती कोरडी वाळू. मामू म्हणाले समुद्राचा ओलावा असेल. मग तो गोड कसा, हे काही पत्रकांत कुठे सापडलं नाही.

म्हातारीने मात्र कसलाही विचार न करता लेकाला वाडगा आणायला पिटाळलं. रांजणातल्या पाकाने वाडगा भरला. सगळे ओंजळी पुढे करून उभे राहिले, साहेबसुद्धा. आणि मला कबूल करायला हवं... त्या रांगेत पहिला मी होतो.