घोडेस्वाराचा शेवट मी सांगून टाकला

अगं, फोन ठेवू नकोस. 'बघते मावशी, जमवते मावशी' म्हणून किती टाळशील? तुझं नायमेखन काही सातासमुद्रापार नाही, इथेच नेदरलँड्समध्ये आहे; गाडीत बसलीस की आमच्या फोरबर्गला येतेस. आता मुकाट्याने ऐक. लाज वाटते सांगायला, पण ऐक.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक डच बाई राहतात. माझ्याच वयाच्या, एकट्या. सगळा हिवाळा त्या भिंग धरून एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या. घोडे, पिस्तुलं, धुरळा, त्यातली. कोरड्या पडलेल्या गावासाठी पाणी शोधायला एक म्हातारा घोडेस्वार डोंगरापलीकडे जातो, त्याची गोष्ट. शेवटची थोडी पानं उरली आणि बाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. मग त्यांनी त्याच कादंबरीवरच्या जुन्या सिनेमाची डीव्हीडी वाचनालयातून आणली आणि मला बोलावलं. गुरुवारी, तीन वाजता. इथलं बोलावणं असंच, वेळ ठरवून.

"ही तर मी वाचलीय! लग्नाआधी, पुण्याला, मराठीत," मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "मग काही सांगू नकोस हं."

आता आपली खोड तुला माहीत. घरात सिनेमा लागला की आधी पाहिलेला माणूस पुढचं सांगणारच. 'रडू नकोस गं, वाचतो तो.' कुणाला राग येत नाही, उलट जीव भांड्यात पडतो. तर सिनेमात घोडा एकटाच परत आला आणि बाईंनी माझा हात घट्ट धरला. मी म्हणून गेले, "काळजी नको. तो जिवंत आहे. पाणी घेऊन चालत येतो."

खरं सांगू? धीर द्यायचा होता, हे अर्धंच खरं. इथे दुकानात काय, डॉक्टरकडे काय, मी सुनेच्या मागे उभी राहणारी, काही न कळणारी बाई. कधी नव्हे ते मला आधी ठाऊक होतं. ते मिरवलं मी.

त्यांनी टीव्ही बंद केला. आवाजसुद्धा चढवला नाही. "इतके महिने मी याच्यासाठी थांबले होते. मला राग आलाय. आता तू घरी जा." कॉफी तशीच टाकून उठले. चेहरा नुसता भाजत होता.

दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन गेले. लाडू घेतले आणि म्हणाल्या, "थँक्यू. पण राग अजून आहे." दार लागलं. आपण निदान 'असू दे' तरी म्हणतो की नाही!

माझ्या लेकाला, तुझ्या दादाला, अर्धवट सांगितलं, तर तो हसतच सुटला. "अगं आई, मी पाहिलाय तो सिनेमा, त्यात शेवट बदललाय. कादंबरीसारखा नाहीच तो." म्हणजे बाईंचा शेवट अजून शाबूत! तशीच धावले, आणि घंटीवरचं बोट मागे घेतलं. सांगणार काय? 'मी म्हटलं तसं होत नाही' म्हटलं, की पुन्हा सांगितलंच ना मी!

तेव्हापासून जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी दाराआड थांबते. या वयात, चोरासारखी.

तर तूच ये बाई. तू कादंबरी वाचलेली नाहीस, सिनेमा पाहिलेला नाहीस, आणि तुला डच येतं. त्यांना म्हण, 'मला एकटीला बघवत नाही, तुम्ही बसा सोबत.' मी भिंतीच्या अलीकडे गप्प राहीन. डीव्हीडी परत जायच्या आत ये. या शनिवारीच ये.