बोरॅक्स न घातलेल्या बरण्या

मी तशी फटकळ बाई आहे. अमेरिकेत ट्रॉय गावातल्या आमच्या सगळ्या मराठी ग्रुपला ते ठाऊक होतं. भाजी खारट झाली तर मी खारट म्हणणार, कुणाची मुलं शेफारली असतील तर तेही तोंडावर सांगणार. पण समोर साहेब असला की माझी वाचा बसायची. नागपुरात वडील गिरणीत होते. ते म्हणायचे, ‘साहेबानं विचारलं तर नाही झालं असं कधी म्हणायचं नाही. आपल्या माणसाला दुसरा चान्स मिळत नसतो बाई.’ मी आमच्या वस्तीतली पहिली एम.एस्सी. झालेली मुलगी. ते वाक्य मी सातासमुद्रापार घेऊन आले.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. नवरा गाड्यांच्या कंपनीत, आणि डिपेंडंट व्हिसावर मी घरी बसून. पगारी काम करायची सोय नव्हती, म्हणून तासभर ड्राइव्ह करून एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये फुकट काम करायला जायचे. काम काय, तर चिखल निवडायचा! तिथले एक म्हातारे प्रोफेसर दर हिवाळ्यात (तिकडे तेव्हा उन्हाळा) अंटार्क्टिकाला जात, बर्फाला भोक पाडून खाली बुडी मारत आणि समुद्राच्या तळाचा गाळ घेऊन येत. तो चाळणीत धुवायचा, बशीत घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली चिमट्यानं एकेक जीव वेगळा करायचा. डाळ-तांदळातले खडे वेचण्यात जन्म गेलेल्या बाईला काय कठीण आहे त्यात?

पण मी त्या कामाच्या प्रेमात पडले, हे खरं. मी मूळची समुद्र न बघितलेली, आणि माझी ओळख झाली ती थेट तळाशी. गोठायच्या बेतातलं पाणी, वर्षातले कित्येक महिने मिट्ट काळोख. उन्हाळ्यात थोडे आठवडे वरून शेवाळाचा कण खाली पडतो, तेवढाच वर्षाचा घास. त्यावर स्पंज जगतात, तळहाताएवढे समुद्रकोळी जगतात, शिंपले जगतात. सगळं सावकाश. नखाएवढा शिंपला व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि कवच इतकं पातळ की चिमटा जरा दाबला तर गेलं. त्यात वरून हिमनग येतो, तळाला टेकतो आणि शेतात नांगर फिरावा तसा सगळं खरवडून नेतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

सरांना (तिथे सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारत, मला ते जन्मात जमलं नाही) एक तुकडा सापडला होता, जिथे हिमनग कधी पोचलाच नव्हता असं त्यांना वाटे. तिथले शिंपले फार म्हातारे असणार. कवचावरची वलयं मोजली की तळ किती काळ शांत राहिला ते कळणार. त्या वर्षी त्यांनी तिथले शिंपले आणले आणि चारच दिवसांत एक हिमनग तिथेच येऊन घासला. मागे काही उरलं नाही. डॉक्टरांनी सरांनाही बजावलं, आता बुडी बंद. म्हणजे ज्या काही बरण्या होत्या त्या शेवटच्या. त्यांच्या आयुष्याचं काम त्यात होतं.

बरण्या जहाजानं एप्रिलच्या सुरुवातीला आल्या. सर तेव्हा हृदयाचं ऑपरेशन होऊन हॉस्पिटलमध्ये. त्यांनी फोनवर मला नीट सांगितलं, ‘याच आठवड्यात धुऊन अल्कोहोलमध्ये घाल. बरण्यांतल्या फॉर्मॅलिनचा भरवसा नाही, त्यात आम्ल तयार होतं आणि कवच विरघळतं.’ म्हणून तर त्यात बोरॅक्स घालायचं असतं, चिमूटभर. लॅबमधल्या पोराटोरांनाही माहीत असलेली गोष्ट. सर तर ते भाजीत मीठ घालावं तितक्या सवयीनं घालत.

मी झाकणं उघडून पाहिली. शिंपले धडधाकट होते. प्रवासात सगळ्याच बरण्यांतलं पाणी निम्म्यावर आलं होतं, म्हणून मी शेल्फवरचं फॉर्मॅलिन वर ओतलं. बोरॅक्सचा डबा रिकामा होता. म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि नेमकी तेव्हाच चौदा एप्रिलची जयंती आली. आमच्या बेसमेंटमध्ये शंभर माणसांचा कार्यक्रम, स्वयंपाक माझ्याकडे, पोरांची भाषणं बसवायची. मग माझ्या धाकट्या लेकीला कांजिण्या. आज करू, उद्या करू. सरांचा फोन आला, ‘झालं ना?’ मी म्हटलं, ‘येस सर, डन.’ साहेबाला नाही झालं म्हणायचं नसतं ना!

मी परत बरण्या उघडल्या तेव्हा पाच आठवडे उलटले होते. कवचं नव्हती. मऊ, लिबलिबीत गोळे आणि वर भिजलेल्या पापडासारखा एक पापुद्रा, बोट लावलं की फाटणारा. एक, दोन, तीन, सगळ्या बरण्या तशाच. मी सिंकपाशी उभी राहून ओक्साबोक्शी रडले. मग डोळे पुसले, सगळे जीव अल्कोहोलमध्ये घातले आणि बरण्यांत टाकायच्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलनं एप्रिलच्या पहिल्या आठवड्याची तारीख टाकली. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

जूनमध्ये सर काठी टेकत आले. बरणी उजेडाला धरली. मग विचारलं, ‘तू उघडलीस तेव्हाच अशा होत्या?’

‘हो सर. उघडल्या तेव्हा अशाच होत्या.’

शब्दाला शब्द धरला तर हे खोटंही नव्हतं, दुसऱ्यांदा उघडल्या तेव्हा त्या अशाच होत्या. त्याचीच तर लाज वाटते. सरांनी बर्फावरची वही काढली आणि त्या दिवसाचं पान वाचलं, पुन्हा पुन्हा. बोरॅक्स घातल्याची नोंद नव्हती. मीठ घातलं अशी नोंद कोण करतं? पण ते पान बंद करून हळूच म्हणाले, ‘मी विसरलो असणार.’

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. पीएच.डी.ला प्रवेश मिळायचा होता, तो त्यांच्या पत्रावर. आणि वडिलांचं वाक्य. रविवारी आमच्याकडे वंदनेला सगळे पंचशील म्हणायचे, तेव्हा खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला माझे नुसते ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो म्हणायचा, ‘अगं, तुझा एवढा तोंडाळपणा गेला कुठे?’ मी त्याच्यावरच खेकसायचे.

सरांनी लॅबला येणं कमी केलं, मग बंदच केलं. ऑक्टोबरमध्ये मी मनाचा हिय्या केला. काय व्हायचं ते होवो, प्रवेश गेला तर गेला, आज सांगायचंच. बेसनाचे लाडू डब्यात भरले, वाटभर वाक्यं जुळवत त्यांच्या घरी गेले.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ठेवली. ओट्याच्या वर, फ्रिजवर, मागच्या दारावर सगळीकडे सरांच्या हातच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. गॅस बंद केला का. गोळी घेतली का. किल्ली कुठे आहे. बाहेरच्या खोलीत सर खिडकीकडे तोंड करून बसले होते, टीव्ही चालू होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

बाईंनी एक लिफाफा पुढे केला. ‘तुझं शिफारसपत्र. चार दिवस लिहीत होता. त्यात लिहिलंय, ही मुलगी कधी काही विसरत नाही.’

मी म्हटलं, ‘मला सरांशी बोलायचंय. त्या बरण्यांबद्दल.’

‘नको गं, कृपा कर,’ त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. ‘तोच विषय नको. दोन डॉक्टरांनी तपासलं त्याला. दोघंही म्हणाले, स्मरणशक्ती ठणठणीत आहे, काही झालेलं नाही. पण याला पटतच नाही. म्हणतो, मग शिंपल्यांचं काय? तूच सांग, एवढा हुशार माणूस असा का वागतो?’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खरंच विचारत होत्या. मी कॉफीचा घोट घेतला, लिफाफा पर्समध्ये ठेवला आणि म्हटलं, ‘वय झालं की होतं असं.’