आप्पांची काळ्या लोकरीची गाठ

तीन आठवड्यांपूर्वी केंदूरहून फोन आला, धोंडिबा आप्पा गेले. खोकला जुनाच होता... तरी फोन ठेवल्यावर मी पुन्हा उलट फोन लावून विचारलं. खात्री केल्याशिवाय काही मानायचं नाही, ही सवय आप्पांचीच.

दौंडजवळच्या कागद कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा घरातला पहिला पदवीधर होतो आणि नोकरी अजून कच्ची होती. लगदा पांढरा करायला क्लोरीन लागायचा. त्याआधी लगद्यात एन्झाइम घातलं तर कमी क्लोरीन पुरेल का, ही चाचणी साहेबांनी माझ्यावर सोपवली. ब्लीचिंगवरचे जुने ऑपरेटर आप्पा एन्झाइमच्या कॅनचा वास घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचे. क्लोरीन कमी झाला की माणसंही कमी करतील, हा त्यांचा संशय. पहिले चार दिवस कागद पांढराशुभ्र आला. साहेब खूश, मी तर हवेतच. आप्पा कागद उजेडाला धरून म्हणाले, "एवढं गुणाचं आवशिद मी तरी बघितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी क्लोरीनच्या व्हॉल्व्हच्या चाकाला काळ्या लोकरीचा दोरा दिसला. आप्पा मेंढपाळाच्या घरातले, गाठ त्यांचीच. हेच चाचणी बिघडवतायत असं मी चार लोकांत बोलून बसलो.  पाळी बदलल्यावर आप्पांनी तुटलेला दोरा माझ्या हातावर ठेवला: चाक कोणीतरी फिरवलं होतं. पाळी संपताना जो तो चाक थोडं उघडून जायचा, पुढच्या माणसावर पिवळ्या लगद्याचा ठपका नको म्हणून. जुनी रीतच ती. कागद पांढरा होत होता तो त्या क्लोरीनने.

"साहेबास्नी सांगायचं का न्हाई, ते तुमी ठरवा. नोकरी तुमची हाय."

मी साहेबांना सगळं सांगितलं. चाकाला कुलूप लावून चाचणी पुन्हा झाली. क्लोरीनची बचत झाली, पहिल्या आकड्यांपेक्षा बरीच कमी, पण खरी. माझी नोकरी राहिली, आप्पांचीही. मी माफी मागितली तर म्हणाले, "संशय घेतला त्याचं काय न्हाई. पर बोलायच्या आधी दोरा तरी बांधायचा."

दहावा झाल्यावर केंदूरला आप्पांच्या घरी गेलो. कोनाड्यात खोकल्याच्या औषधाची भरलेली बाटली होती, बुचाला काळी लोकर. मी बघत राहिलो तशा आप्पांच्या पत्नी, काकू म्हणाल्या, "रोज घेतो म्हणायचे. म्हणून मीच बांधली. तुटलीच न्हाई... आज इचारीन, उद्या इचारीन म्हणत मीच राहिले."

त्यांनी बाटली उचलली, पदराने पुसली आणि गाठ न सोडता परत कोनाड्यात ठेवली.