न उचललेलं फडकं

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते सातवीच्या वर्गात, आणि तेही त्याच्या नाकामुळे. विज्ञानाच्या तासाला मी बरणीतला बेडूक टेबलावर ठेवला होता. सगळा वर्ग पुढे सरकला आणि हा एकटा मागे सरकला. नाकाचा शेंडा वर गेला, वरचा ओठ आखडला, डोळ्यांत पाणी तरारलं. मुलं खिदळली. मी त्याला खिडकीशी नेऊन उभं केलं आणि विचारलं, "काय झालं रे?"

"बाई, वास."

बरणीचं झाकण घट्ट होतं. मला कसलाही वास येत नव्हता. पण त्याला येत होता, हे त्या नाकाकडे पाहून कुणीही सांगितलं असतं.

पुढची तीन वर्षं ते नाक माझ्या नजरेखाली होतं. दुसऱ्याची पट्टी घेतली की आधी ती शर्टाला पुसायचा. टाकीवरच्या पेल्याला त्याने कधी ओठ लावला नाही, ओंजळीने पाणी प्यायचा. अक्षर मात्र कोंबडीचे पाय उमटावेत तसं. एवढ्या टापटिपीच्या मुलाचं अक्षर इतकं गचाळ कसं, हे कोडं मला निवृत्त होईपर्यंत सुटलं नाही.

मोठा झाल्यावर तो बर्फाच्या कारखान्यात लागला. पत्र्याच्या लांब डब्यांत पाणी भरायचं, डबे मिठाच्या गार पाण्यात सोडायचे, लादी धरली की साखळीने वर ओढायची. हेच काम का धरलंस, असं मी एकदा विचारलं होतं.

"बर्फाला वास नसतो, बाई," तो म्हणाला. एवढं सरळ उत्तर मला शाळेत त्याने कधी दिलं नव्हतं.

लोक त्याला बर्फवाला म्हणू लागले. लग्न झाल्यावर तो आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायला आला. एका उन्हाळ्यात माझा फ्रीज बंद पडला, तेव्हा दहा दिवस रोज संध्याकाळी स्वच्छ पिशवीत बर्फ बांधून आणून देत होता. पिशवीची गाठसुद्धा नीटनेटकी असायची. असा माणूस. म्हणून त्याला ते खूळ लागलं तेव्हा मला आधी खरंच वाटलं नाही.

खूळ म्हणजे गाडीचं. बसकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. कुणीतरी ठोकून टाकून दिलेली. ती त्याने आणली आणि इमारतीच्या आवारात सहा वर्षं दुरुस्त केली. हातमोजे घालून, आणि मोजे काढल्यावर तीनदा साबण लावून.

"पोराला अंघोळ घाला म्हटलं तर यांची पाठ दुखते," त्याची बायको जिन्यात मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "आणि त्या पत्र्याला दिवसातून दोनदा न्हाऊ घालतात."

"ती रडत नाही ना," खालून उत्तर यायचं.

शहराबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी पडून होती. उन्हाळ्यात दर रविवारी तिथे हौशी लोकांच्या शर्यती भरत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहणार, झेंडा खाली पडला की सरळ रेषेत पाव मैल सुटणार. वळण नाही, चढ नाही. पंधरा सेकंदांत सगळं संपतं.

"पंधरा सेकंद!" बायको म्हणे. "अहो, चहा गाळायला यापेक्षा जास्त वेळ लागतो."

त्याच्याबरोबर तिचा धाकटा भाऊही शर्यतीत उतरायचा. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याला सगळे पेंटर म्हणत. आपल्या जुनाट गाडीच्या दोन्ही अंगांना त्याने स्वतःच ज्वाळा रंगवल्या होत्या, आणि गाडीपेक्षा ज्वाळाच जास्त धावतात, असं तो स्वतःच सांगायचा.

"बाई, एकदा या बघायला," बर्फवाल्याने फार आग्रह केला, म्हणून मी एका रविवारी छत्री घेऊन गेले.

मी आयुष्यभर मुलांत राहिले आहे. शेंबूड, ओकारी, उवा, सगळं निस्तरलं आहे. मला सहजासहजी किळस येत नाही. पण त्या जागी आली. भर दुपार, डोक्यावर ऊन, पायाखालचं काँक्रीट चपलेतून भाजत होतं. जळक्या रबराचा वास घशात जाऊन बसला तो घरी येईपर्यंत उतरला नाही. अर्धउघडे पुरुष घामाने निथळत उभे होते आणि एकच हेल्मेट चौघे आळीपाळीने घालत होते, आत आधीच्याचा घाम तसाच. सांडलेल्या गोड पेयावर माश्यांचं मोहोळ. आणि माइकवर एक आयोजक, जो गाड्यांबद्दल असं काही बोलत होता की बायामाणसांत ते कुणी बोलू नये. गर्दी त्यावर फिदीफिदी हसत होती.

या उकिरड्यात बर्फवाल्याने आपल्या गाडीभोवती चार हातांची स्वच्छ जागा राखली होती. मला तिथे सावलीत बसवून त्याने समजावलं. मी विद्यार्थिनी, तो मास्तर.

"गरम हवा पातळ असते, बाई. इंजिनाला धाप लागते. म्हणून सगळ्यांच्या गाड्या दुपारी मरतात. माझी मरत नाही." हवा ओढणाऱ्या नळीवर त्याने चुरलेल्या बर्फाची पिशवी ठेवली होती. "दहा मिनिटं. मग पिशवी काढायची आणि आतला थेंब न् थेंब कोरड्या फडक्याने टिपायचा."

"आता ऊन आहे की वाळवायला," मी म्हटलं.

"नाही, नाही. रेषेवर उभं असताना एक ओघळ जरी खाली गेला, तरी तिथे चाक घसरतं. माझं नाही तर माझ्यामागून येणाऱ्याचं. बर्फ लावणाऱ्याने पुसल्याशिवाय रेषेवर जायचं नाही, हा इथला पहिला नियम."

पेंटर शेजारी उभा राहून ऐकत होता. "भावोजी, ही गाडी आहे का फ्रीज? आत दूध ठेवलंय का?"

"तू आधी तुझ्या ज्वाळा विझव."

ते फडकं पांढरं, घडी घातलेलं, गाडीच्या आरशावर ठेवलेलं होतं. बर्फवाल्याच्या शेवटच्या फेरीआधी टायरवाला, म्हणजे त्यांच्यातलाच एक जाडजूड गडी, गप्पा मारत आला. बोलता बोलता त्याने ते फडकं उचललं, मानेवरून फिरवलं, मग काखेत घालून दोन्ही बाजू खसाखसा पुसल्या आणि पुन्हा आरशावर लटकावलं. "काय उकडतंय राव," म्हणाला आणि गेला.

मी बर्फवाल्याकडे पाहिलं. नाकाचा शेंडा वर गेला होता. अगदी सातवीतला.

तेवढ्यात माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. त्याने बर्फाची पिशवी काढली. फडक्याकडे हात नेला, बोटं दोन वितींवर थांबली आणि मागे आली. त्याने आभाळाकडे पाहिलं, उन्हाचा अंदाज घेतल्यासारखं. मग बॉनेट आपटलं आणि गाडी रेषेवर नेली.

शेजारच्या गाडीचं इंजिन बंद पडलं, ते पुन्हा चालू होईपर्यंत झेंडा पडायला उशीर झाला. तेवढा वेळ याची गाडी तिथेच उभी. मी कडेला छत्रीखाली होते. गाडीच्या पोटाखालून पाणी टपटपताना मला दिसलं. झेंडा पडला, गाडी सुटली, तिचं मागचं अंग क्षणभर लचकलं आणि सरळ झालं. तो जिंकला. मागे काँक्रीटवर परातीएवढा काळा ओला डाग राहिला.

रेषेवर नेमक्या त्याच जागी लगेच पेंटर आला. मला डाग दिसत होता, पण त्याचा अर्थ लागायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात झेंडा पडला. ज्वाळा रंगवलेली गाडी जागच्या जागी गर्रकन वळली आणि वाळूच्या पिंपांवर जाऊन आदळली.

लोक धावले. निम्मे मदतीला, निम्मे मोबाइल वर धरून. "जवळ जा, जवळ जा, रक्त घे," असं एकजण दुसऱ्याला सांगत होता. पेंटरला बाहेर काढलं तेव्हा त्याचा डावा गुडघा भलत्याच दिशेला होता. स्ट्रेचरवरूनही तो म्हणाला, "माझाच पाय जड पडला, भावोजी. ताईला एकदम सांगू नका."

आयोजकाने रेषेपाशी येऊन खाली पाहिलं. काँक्रीट पांढरंफटक कोरडं होतं. उन्हाने काही मिनिटांत सगळं पिऊन टाकलं होतं. "नवशिके येतात आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबत सुटतात," त्याने माइकवर निकाल दिला. "माणूस शुद्धीवर आहे ना? मग चला, पुढची जोडी!" आणि खरोखर पुढची जोडी आली.

बर्फवाला मेव्हण्याबरोबर रुग्णवाहिकेतून गेला. तरी टायरवाल्याने त्याचा चषक रात्री घरी पोहोचवला. सोनेरी रंग दिलेलं प्लास्टिक. मी जिन्यात होते. बर्फवाल्याने तो दोन बोटांनी धरला होता, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा.

मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. शाळेत काच फुटली की मी आधी गप्प बसायची, फोडणाऱ्याला उठायला वेळ मिळावा म्हणून. आता वाटतं, मी फार वेळ दिला. तीन आठवडे. तेवढ्यात पेंटरच्या गुडघ्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली, त्याच्या पाट्यांच्या दुकानाचं शटर बंदच राहिलं. तो बहिणीकडे, म्हणजे माझ्या डोक्यावरच्या घरातच, खाटेवर होता. आणि त्याची आई रोज जावयासमोर मुलालाच बोल लावत होती: "मेला जन्माचा उतावळा! जावयांकडे बघ. किती शांतपणे चालवतात."

एका दुपारी बर्फवाला माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"बाई, तुम्ही रेषेजवळ होतात."

"हो."

"पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतोस का, ते पाहत होते."

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. हे मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. "रोज बर्फाने हात धुतो, बाई. जात नाही. मला माझीच शिसारी येते. सासूबाई माझं कौतुक करतात ना, तेव्हा जेवण वर येतं." मग म्हणाला, "चला बरोबर. तुम्ही काही बोलू नका. नुसत्या बसा."

मी गेले. खोलीत औषधांचा आणि पिकल्या जखमेचा वास कोंडला होता. बायको भावाच्या पायाशी पट्टी सोडत होती, शेजारी सासूबाई. बर्फवाला एरवी पट्टीच्या वेळी बाहेर जायचा. आज तो दारात थांबला आणि सगळं सांगितलं. पाणी, रेषा, लचकलेली गाडी. फडक्याचंही सांगितलं. काही सजवलं नाही.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बायको म्हणाली, "अहो, तीन आठवडे? मी रोज रात्री याला सांगत होते की चूक तुझी आहे, ती मान्य कर. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

पेंटर हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "टायरवाल्याची काख," तो म्हणाला. "माझा गुडघा गेला तो टायरवाल्याच्या काखेपायी."

"तू म्हणशील ते..."

"मी म्हणेन ते कराल?" पेंटरने बहिणीजवळचं कापूस-औषधांचं तबक उचललं आणि पुढे धरलं. "ताई, उठ. आजपासून पट्टी भावोजी करतील."

"अरे, त्यांना नाही जमायचं," सासूबाई म्हणाल्या. सवयीनेच म्हणाल्या.

"तेच तर."

बर्फवाल्याने हातमोजे मागितले नाहीत. खाली बसून उरलेली पट्टी सोडवली. चिकटलेला कापूस सुटताना पेंटर कळवळला, पिवळा पू बोटांवर आला. बर्फवाल्याच्या नाकाचा शेंडा वर गेला, ओठ आखडला, डोळे भरले. एकदा तोंड वळवलं, कोरडा उमासा आला. पुन्हा वळला आणि पुसत राहिला. एकही कोपरा सोडला नाही, हे मी पाहिलं.

"नीट टिपा," पेंटर वरून म्हणाला. "थेंब न् थेंब."

त्या दिवशी कुणी कुणाला माफ केलं नाही. बायको महिनाभर त्याच्याशी कामापुरतं बोलली. आयोजकालाही त्याने जाऊन सांगितलं, तो म्हणाला, "कशाला उकरतोस? लोक येतील का मग?" आणि शर्यती चालू राहिल्या, अजून चालू आहेत. गाडी त्याने विकली. ती टायरवाल्याने घेतली आणि तिच्यात पहिल्याच दिवशी तेलकट वडे नेले म्हणे. जखम भरायला तीन महिने लागले, तोवर रोजची पट्टी बर्फवाल्यानेच केली.

पेंटरचा गुडघा आता वाकत नाही, त्यामुळे त्याला शिडी चढता येत नाही. बर्फवाला सकाळच्या पाळीत कारखान्यात असतो. दुपारी तो पेंटरच्या दुकानात जातो, शिडीवर चढतो आणि मेव्हण्याने खाली बसून आखलेल्या अक्षरांत रंग भरतो. स्वतःहून अक्षर काढायला त्याला अजून मनाई आहे.