पाणवठ्यावरचं चितळ

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी दिघोरीकडच्या एका खेड्यात शिक्षक होतो. गावाचं सगळं धान एका जुन्या तलावाच्या पाण्यावर पिकायचं. पाणी सोडायच्या दाराला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते कधी उघडायचं आणि कोणाच्या पाटाला आधी पाणी द्यायचं, हे पाणी समितीचा अध्यक्ष ठरवायचा. अध्यक्ष कित्येक वर्षं एकच होता. पाणी आधी त्याच्या आणि त्याच्या सोयऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, जायचं.

माझा एक जिवलग मित्र होता. शेतकरी, माझ्याच वयाचा, बोलायला तिखट. एका वर्षी धान पोटरीत असताना पाटाच्या शेवटच्या बांध्या कोरड्या पडल्या, तेव्हा तो तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, धरणं देऊन बसला. सुरुवातीला शाळा सुटली की मी एकटाच त्याच्याजवळ जाऊन बसायचो. निवेदनं मी लिहायचो, भाषणं तो करायचा. हळूहळू अर्धं गाव पारीवर आलं. नवी समिती निवडली गेली आणि मित्र अध्यक्ष झाला. त्याच दिवशी तो म्हणाला, "पाण्याची पाळी आता फळ्यावर लिहू. कोणाले काही विचारायचं कामच नाही."

पहिल्या वर्षी फळा रोज लिहिला गेला. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा. मग लोक पाळी विचारायला त्याच्या ओसरीवर जाऊ लागले.

"फळा कोणीतरी पुसून टाकते," तो मला म्हणाला. "जुन्या अध्यक्षाचेच लोक हायेत. मले सगळं ठाऊक हाय."

ओसरीवर आता दोन-तीन माणसं कायम बसलेली असायची. मी गेलो की त्यांचं बोलणं थांबायचं. एकदा मित्रानेच विचारलं, "जुन्या अध्यक्षानं तुले परवा रस्त्यात थांबवलं म्हणे. काय म्हणत होता?" पोराच्या दाखल्याचं विचारत होता, असं मी सांगितलं. ते खरं होतं. मित्राने मान हलवली, पण माझ्याकडे बघत राहिला.

त्या हिवाळ्यात शाळेच्या संमेलनासाठी मी नाटक लिहिलं. जंगलात एक पाणवठा असतो आणि त्यावर अस्वल बसलेलं असतं. चितळं एक होऊन त्याला हाकलतात. पुढारी चितळ म्हणतं, काही दिवस मी इथे राखण करतो. शेवटी एक पाडस पाणी प्यायला येतं. त्याने खरं अस्वल कधी पाहिलेलंच नसतं. ते हात जोडून त्या चितळाला म्हणतं, "अस्वलदादा, पाणी पिऊ का?"

नाटक कोणावर आहे, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, जंगलावर. बायकोने मात्र चुलीपुढे बसून सरळ विचारलं, "तुमी तुमच्या दोस्तावरच लिहिलं ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग कागद तांदळाच्या कोठीत काहून लपवून ठेवले?"

मुलांसाठी संवाद उतरवून द्यायचं काम मी एका सहशिक्षकाला दिलं होतं. त्याचं अक्षर सुरेख होतं. त्याच्याशिवाय पूर्ण नाटक कोणी वाचलेलं नव्हतं, निदान माझी तशी समजूत होती. आठवड्याभरात ओसरीवरची ती माणसं तालमीला येऊन दाराशी उभी राहू लागली. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "गुरुजी, या नाटकात काही भानगड तर नाही ना?" बातमी कोणी फोडली, हे माझ्या मनात पक्कं झालं. सहशिक्षकाचं घर मित्राच्या गल्लीत होतं. तो सकाळी मित्राच्या ओसरीपुढूनच शाळेत यायचा. एवढं मला पुरेसं वाटलं.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मधल्या सुटीत तो डबा घेऊन शेजारी बसला की मी उठून जायचो. एकदा त्याने विचारलं, "सर, माह्याकडून काही चुकलं का?" मी म्हणालो, "तुमालेच माहीत." तो गप्प राहिला. ते गप्प राहणंही मला कबुलीसारखंच वाटलं. उन्हाळ्यात त्याने लाखनीकडे बदली मागून घेतली.

पण त्याआधी, हिवाळ्यातच, एका दुपारी संमेलन झालं. मित्र प्रमुख पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसला होता. जुना अध्यक्ष मागे, खांबाजवळ. पाडस झालेल्या मुलीने शेवटचं वाक्य म्हटलं. मग मागून टाळ्या आल्या. जुना अध्यक्ष एकटाच हसत टाळ्या वाजवत होता. नाटकातलं अस्वल खूश झालं होतं, आणि ते मी केलं होतं.

मित्र उठून मंचावर गेला. त्या मुलीला बक्षिसाची वही दिली, पाठ थोपटली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

समितीच्या पुढच्या निवडणुकीत जुना अध्यक्ष दारोदार फिरला. "मी काही म्हणत नाही, मास्तरानंच लिहून ठेवलं हाय," एवढंच म्हणायचा. तो निवडून आला. त्या हंगामात शेवटच्या बांध्या पुन्हा कोरड्या राहिल्या. त्यातली एक बांधी माझ्या मित्राची होती.

दिवाळीनंतर मी धीर करून त्याच्या घरी गेलो. ओसरी रिकामी होती. चहा आला, तो आम्ही प्यालो.

"तुले नाटकाचं आधी कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"तुह्या बायकोनं. घरी आली होती. म्हणे, भाऊजी, नाटकाच्या आधी एकदा येऊन भेटा, दोघं बोलून घ्या." त्याने कपबशी बाजूला सरकवली. "मी नाही आलो. मले वाटलं, तूच तिले पाठवलं, मी भेतो का ते पाहाले."

घरी येऊन मी बायकोला काहीच विचारलं नाही. रविवारी लाखनीची बस पकडली. सहशिक्षकाने हमरस्त्याजवळ खोली केली होती. मला दारात पाहून त्याने आधी खुर्ची दिली, मग पाणी. मी सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो. बाहेरून एकामागून एक ट्रक जात होते. त्याने उठून दार लोटून घेतलं.

"मले समजलं होतं, तुमाले काय वाटून राहिलं ते," तो म्हणाला. "सांगून तुमाले पटलं नसतं."

त्याने माझ्यापुढचा रिकामा पेला उचलला.

"नाटक चांगलं होतं, सर. पण उतरवताना मले एक गोष्ट खटकली होती. त्या चितळाले एकही दोस्त नाही. सगळ्यायच्या आधी त्याच्याजवळ जाऊन बसलेलं कोणीतरी असलंच ना? राखण करता करता चितळ तिथंच बसून राहिलं, तवा तो दोस्त कुठं होता?"

तो चहा ठेवायला आत गेला. मी खुर्चीवर बसून राहिलो. चहा झाल्यावर तो मला बस स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत आम्ही शाळेबद्दल बोललो.