मानेवरचा हात

लग्नात हिनं माझ्या गळ्यात हार घालायला हात वर केले आणि मी तिची दोन्ही मनगटं धरली. अंतरपाट खाली आलेला, ताशेवाले सुटलेले, सगळा मांडव अक्षता टाकतोय, आणि नवरदेव नवरीची मनगटं धरून पाय रोवून उभा. तालमीतली पोरं हसून हसून खाली बसली. हिच्या मामाला वाटलं, जावई फिरला. ही मात्र घाबरली नाही. "सोडा की," एवढंच म्हणाली. ही बाई आपल्याला पुरून उरणार, हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

यात माझा काही दोष नाही. कुस्तीत सलामी झाली की पहिला हात मानेवर पडतो. तो झटकला नाही तर पुढच्या घटकेला तुम्ही पाठीवर पडून आभाळ बघत असता. दहाव्या वर्षापासून कुरुंदवाड म्हणू नका, कागल म्हणू नका, जिथं मैदान तिथं मी हेच केलं. अंगात भिनलं ते भिनलं. कुस्ती सुटली, म्हशी आल्या, पोट सुटलं, नातवंडं झाली, पण मानेशी कुणाचा हात आला की माझा हात मला न विचारता उठतो. आमचा न्हावी केस कापायच्या आधी माझ्या दोन्ही हातांत एकेक आरसा देतो. आरसा फुटला तर भरून द्यायचा, असं ठरलंय. आजपर्यंत दोन भरून दिलेत.

आणि असल्या माणसाच्या मानेची तपासणी निघाली.

बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला पेठेतल्या डॉक्टरकडं गेलतो. हा गडी लहानपणी आमच्याच तालमीत दोन वर्षं माती लावून गेलेला, त्यामुळं शहाणा. मानेचं ऐकायचंय म्हणाला आणि नळीचं तोंड माझ्याच हातात दिलं. इथं धर, आता तिथं धर, करत बराच वेळ ऐकत बसला. मग म्हणाला, डाव्या बाजूला आवाज येतोय. मी म्हटलं, लेका, चाळीस वर्षं झाली माझ्या मानेतनं आवाज येतोय, वळवली की कडकड वाजते. तो हसला नाही.

हा हाडांचा आवाज नव्हे, रक्ताचा, असं त्यानं समजावलं. मेंदूला रक्त नेणारी नस आतनं अरुंद झाली की असा येतो. सोनोग्राफी करून घे. सुई नाही, कापाकापी नाही, वरच्या वर यंत्र फिरवतात आणि बघतात. मी विचारलं, नाही बघितलं तर? तेव्हा तो म्हणाला, "वस्ताद आठव."

न आठवायला काय झालं! आमच्या वस्तादांनी तालमीत हाक मारली की चौकातल्या चहावाल्याच्या हातातला कप हलायचा. एके दिवशी सकाळी तांब्या घेऊन निघाले ते दारातच पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढं तीन वर्षं खाटेवर होते. म्हशीची धार काढली की पहिला पेला मी त्यांच्याकडं न्यायचो आणि चमच्यानं पाजायचो. अर्धं दूध हनुवटीवरनं खाली यायचं. माझ्याकडं बघून "बा, बा" करायचे, पुढं शब्द यायचा नाही. मरणाला मी भीत नाही. त्या खाटेला भितो, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

म्हणून गेलो. हिला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि मी आत. डॉक्टर म्हणजे एवढीशी पोरगी. चष्मा, वेणी, वजन मापून पंचेचाळीस किलो असेल. मी नुसता उभा राहिलो तरी माझ्या सावलीत ती सामानासकट मावली असती. आडवं व्हा काका, म्हणाली. झालो. मान उजवीकडं वळवा. वळवली. थंड लागेल हं, म्हणत तिनं कसलीशी चिकट जेली मानेला लावली आणि त्यावर ते यंत्र टेकवलं.

पुढं काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिथं नव्हतो, माझे हात होते. बघतो तर तिचं मनगट माझ्या मुठीत, दुसरा हात तिच्या कोपराखाली, आणि यंत्र वायरीला लोंबकळतंय. मी हात असा सोडला की जणू चटका बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नर्स पळत बाहेर गेली आणि हिला घेऊन आली.

आता बायको आली म्हणजे माझी बाजू घेईल की नाही? ही दारातच पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग त्या दोघींना लग्नातल्या हाराची गोष्ट सांगत बसली, अगदी मामासकट. डॉक्टरीणबाईंनी मनगट चोळत चोळत ऐकली आणि त्याही हसल्या. म्हटलं, चला, पोरगी चांगल्या घरची आहे.

मग उपाय सुरू झाले. हात पाठीखाली घालून झोपलो, तर हात पाठीसकट वर आले. हिनं दोन्ही हात धरले, तर हीच टेबलावर ओढली गेली. मी म्हटलं, ते यंत्र माझ्याच हातात द्या, मी धरतो. तसं होत नाही काका, बघायला तेवढी नेमकी जागा लागते, म्हणाल्या. शेवटी घड्याळाकडं बघून म्हणाल्या, आज राहू दे, बाहेर माणसं थांबलीत, पुन्हा कधीतरी बघू.

पुन्हा कधीतरी म्हणजे मी काही येत नाही, हे मलाही माहीत होतं आणि हिलाही. हिचं हसू थांबलं. मला ती खाट दिसली, पेला दिसला, आणि चमचा हिच्या हातात दिसला.

आणि एकदम डोक्यात उजेड पडला. आयुष्यभरात एका माणसाचा हात मी कधीच झटकला नव्हता. रोज पहाटे पाया पडलो की वस्ताद माझी मान धरून गदागदा हलवायचे, आणि मी मेंढरासारखा उभा राहायचो. तालमीचा नियमच आहे तो. ज्याच्या पाया पडलास, मान त्याची.

मी उठून बसलो आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, दिवसाला किती माना बघता? दहाबारा, म्हणाल्या. आणि किती वर्षं? सात. मी मनातल्या मनात गुणाकार केला. माझ्या सगळ्या हयातीत मी इतक्या माना धरल्या नव्हत्या. मग हा वस्ताद नव्हे तर कोण?

टेबलावरनं उतरलो, जमिनीला हात लावून कपाळाला लावला, आणि जेलीनं बरबटलेल्या मानेसकट सरळ तिच्या पाया पडलो. बिचारी दोन पावलं मागं सरून भिंतीला टेकली. "अहो काका, काय करताय!"

"आता लावा हात," परत आडवा होत मी म्हटलं, "न्हाय उठायचा माझा."

आणि नाही उठला. दोन्ही हात छातीवर गपगार. तिनं दाबलं, वळवलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मान कुठं संपते नि खांदा कुठं सुरू होतो ते सापडत नाही, म्हणाली. पडद्यावर तांबडं-निळं रक्त पळताना दिसत होतं. मग तिनं आवाज मोठा केला. उजवीकडं फुश्श, फुश्श, ऐटीत. डावीकडं एका जागी आवाज एकदम बारीक आणि तिखट झाला. म्हशी धुताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी करतं तसा. मला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

मी म्हटलं, वस्ताद, काय ते सरळ सांगा. रिपोर्ट तुमचे डॉक्टर समजावतील, म्हणाल्या. मी उठेचना. मग सांगितलं. डावी नस अरुंद झालीय, पण निम्म्याहून कमी. आज तरी ऑपरेशनचं काही दिसत नाही. गोळ्या रोज घ्यायला लागतील आणि सहा महिन्यांनी परत दाखवायचं.

"आणि तंबाखू आजपासून बंद," माझ्या दातांकडं बघत म्हणाल्या.

हे मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं. पण पाया पडून बसलेलो. वस्तादाचा शब्द मोडता येत नाही, हाही तालमीचाच नियम. मी खिशातनं तंबाखूची डबी काढली आणि तिच्या टेबलावर ठेवली. हिनं ती लगेच उचलून कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. चाळीस वर्षं संधीची वाट बघत होती बहुतेक.

रिक्षात बसलो आणि मला हसू फुटलं. आवरेचना. ऑपरेशन नाही, खाट नाही, चमचा नाही! रिक्षावाल्याला म्हटलं, पावणं, सावकाश जावा, मानेत अख्खी नदी वाहालीया. तो आरशातनं बघायला लागला. ही पण हसत होती.

"त्या पोरीच्या एकदा पाया पडलासा आन् मान दिलासा," ती बाहेर बघत म्हणाली. "मी चाळीस वर्षं शेजारी हाय. मला कवा हात लावू दिलासा?"

रिक्षा सिग्नलला थांबली होती. मी वाकलो आणि तिच्या पायांना हात लावला. अवो लोक बघत्यात, म्हणून ती कुजबुजली. बघू देत.

मग तिनं हळूच डाव्या बाजूला, जिथं अजून थोडी जेली चिकटली होती, तिथं तळवा ठेवला. माझे हात मांडीवर होते. पेठ येईपर्यंत ते तिथंच होते, आणि तिचा हात मानेवर.